ट्रफ नाही म्हणून अडत नाही: पाण्यावर सूक्ष्म मण्यांचा एकच थर बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही ५०० नॅनोमीटर व्यासाचे पॉलिस्टायरीनचे (एक प्रकारच्या प्लॅस्टिकचे) मणी घेतलेत आणि त्यांचा एकच मणी जाडीचा थर काचेवर हवाय. आधी स्लाइडवर थेंब टाकून वाळवला, तर कडेला पांढरी रिंग आली आणि मधे जवळजवळ काहीच नाही. मग मण्यांचं अर्धा मिलिलिटर सस्पेन्शन (पाण्यात मिसळलेले मणी) पेट्रीडिशमधल्या पाण्यावर सोडून बघितलं, तर बरेचसे मणी पांढऱ्या धाग्यांसारखे खाली गेले. वर राहिलेला पापुद्रा स्लाइडवर उचलला, तो सुकताना तडकला. कॉलेजात लँगम्युअर ट्रफ (पाण्यावरचा थर पट्टी सरकवून आवळायची उथळ पन्हळ) नाही, आणि त्याशिवाय हे जमायचंच नाही असं तुम्हाला सांगितलं गेलंय. शेवटी तुम्ही विचारलंय, इथेनॉल किती घालू, आणि या सगळ्याचा रंग बघण्यापलीकडे उपयोग काय?

ट्रफशिवाय जमतं. स्लाइडच्या अर्ध्या भागाएवढा चांगला थर मी पेट्रीडिशमध्ये कितीतरी वेळा केलाय आणि विद्यार्थ्यांकडून करून घेतलाय. पण इथेनॉलचं प्रमाण ही तुमची खरी अडचण नाही. मणी पृष्ठभागावर पोचणं, तिथे एकमेकांशेजारी नीट बसणं आणि तसेच्या तसे काचेवर उतरणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि ती तीन वेगवेगळ्या कारणांनी बिघडतात. तुमची तिन्ही थोडी थोडी बिघडलीत, म्हणून एकच उपाय शोधून हाती काही लागत नाहीये.

आधी हेही सांगते की मी देतेय ते आकडे सुरुवातीचे आहेत. तुमच्या मण्यांवर कोणता रासायनिक गट आहे, बाटलीत बनवणाऱ्याने किती साबणी द्रव्य ठेवलंय, पाणी कुठलं आहे, यावर ते हलतील. एकाच कारखान्याच्या दोन बॅचेससाठी मला वेगळी प्रमाणं लागली आहेत.

थेंब वाळवण्याचं आधी संपवू. टेबलावर सांडलेला चहा वाळला की कडेलाच गडद डाग उरतो, तेच तुमच्या स्लाइडवर झालं. थेंबाची कड काचेला चिकटून राहते, तिथलं पाणी सगळ्यात लवकर उडतं, त्याची भरपाई करायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना मणी घेऊन जातं. शिकागो विद्यापीठातल्या डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हे नीट मांडलं. तुमचा हात चुकलेला नाही, ती पद्धतच या कामाची नाही.

आता पाण्याकडे. मणी पृष्ठभागावर थांबतात का, हे एकदा आकड्यांत बघा म्हणजे पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील. पाण्याला उघडा पृष्ठभाग ठेवायला ऊर्जा लागते. पृष्ठताण म्हणजे तेच, शुद्ध पाण्यासाठी सुमारे ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर. मणी पृष्ठभागात अर्धवट रुतून बसला की त्याच्या छेदाएवढा उघडा पृष्ठभाग नाहीसा होतो, आणि तेवढी ऊर्जा वाचते. मणी उपटून पुन्हा पाण्यात ढकलायचा तर ती परत भरावी लागते. पाण्याचे रेणू उष्णतेने मण्याला जे धक्के देत असतात, त्यांची ऊर्जा एक एकक धरली तर तुमचा ५०० नॅनोमीटरचा मणी स्पर्शकोन (पाण्याचा पृष्ठभाग मण्याला ज्या कोनात टेकतो तो) ९० अंश असताना साधारण ३४ लाख एककांनी अडकलेला असतो. स्पर्शकोन ६० अंश झाला तरी साडेआठ लाख. म्हणजे एकदा बसलेला मणी आपणहून उठत नाही. धक्के खाऊन तर नाहीच नाही.

हा आकडा त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे लहान कणांची गोष्ट वेगळी. तेल आणि पाण्याच्या सीमेवर ५ नॅनोमीटरचा सोन्याचा कण बसवला तर पकड फार फार तर अडीचशे एककांच्या आत राहते, आणि स्पर्शकोन बदलला की ती आणखी घसरते. याहून लहान कण सीमेवर येत-जात राहतात, मोठे आले की लहानांना जागा सोडावी लागते. तुमच्याकडे असे कण नाहीत. तुमचे मणी बसले की बसले.

ऐकायला ही आनंदाची बातमी वाटते. पण न उठणारा मणी स्वतःची चूकही दुरुस्त करत नाही. मिठाचा खडा पाण्यात हळूहळू वाढतो तेव्हा चुकीच्या जागी बसलेले आयन सुटून परत योग्य जागी बसतात, म्हणून त्याच्या कडा इतक्या सरळ. इथे तशी सोय नाही. मण्यांना फक्त पृष्ठभागावर आडवं सरकता येतं, तेही गर्दी होईपर्यंत. जी काही व्यवस्था लागायची ती त्या मोकळ्या वेळातच लागते. या कामाला आपण 'सेल्फ-असेंब्ली', म्हणजे आपोआप होणारी मांडणी, म्हणतो खरं, पण मणी फक्त शेवटचं सरकणं स्वतः करतात. सरकायला वेळ आणि जागा आपणच द्यायची असते.

खाली गेलेल्या मण्यांचं काय? ते परत वर येतील म्हणून वाट बघू नका. मण्यावर ऋण विद्युतभार असतो, पाण्याचा पृष्ठभागही तसाच वागतो, त्यामुळे खालून वर येणाऱ्याला शेवटच्या क्षणी मागे ढकललं जातं. वर बसल्यावर पकड लाखांची असली तरी दारात उंच उंबरठा आहे. सोडल्याच्या पहिल्या क्षणी जो मणी पृष्ठभागावर पसरला तो तुमचा. बाकीच्या मण्यांचे पैसे गेले असं समजा, आणि हे मणी स्वस्त नसतात.

इथेनॉलचं काम इथे आहे. त्याचा पृष्ठताण सुमारे २२, पाण्याचा ७२. इथेनॉलमिश्रित थेंब पाण्याला टेकला की जास्त ताणाचं पाणी त्याला सगळीकडून ओढतं आणि थेंब बुडायच्या आत पातळ होऊन धावतो, मणी सोबत घेऊन. मण्यांचं सस्पेन्शन आणि इथेनॉल समप्रमाणात मिसळा, दहा मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्रात) ठेवा, मग वापरा. इथेनॉल याहून खूप कमी पडलं तर थेंब नुसता बुडतो. मात्र थेंब उंचावरून टाकू नका, ही सगळ्यात नेहमीची चूक. चांगली स्वच्छ केलेली स्लाइड डिशमध्ये तिरकी ठेवा, तिचं एक टोक पाण्याबाहेर राहू द्या, आणि पाण्याच्या रेषेच्या जरा वर, काचेवर पिपेट टेकवून मिनिटाला ५ ते १० मायक्रोलिटर या वेगाने सोडा. मिश्रण काचेवरून घसरत पृष्ठभागावर येतं आणि पंख्यासारखं पसरतं. पांढरा धागा खाली जाताना दिसला की थांबा, वेग कमी करा.

किती सोडायचं याचा हिशोब आधी कागदावर करा, फार कमी जण करतात. एकाच थरात गोल मणी शक्य तितके दाटीने बसले तर ९०.७ टक्के जागा व्यापतात. ९ सेंटिमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस सेंटिमीटर. एवढं झाकायला ५०० नॅनोमीटरचे मणी लागतात २ मिलिग्रॅम, म्हणजे १० टक्के सस्पेन्शनचे फक्त २० मायक्रोलिटर, आणि इथेनॉल मिसळल्यावर ४०. थोडे बुडणारच असं धरून ६० ते ८० मायक्रोलिटर मिश्रण घ्या. तुम्ही अर्धा मिलिलिटर सोडलंय. पांढरे धागे तिथूनच आले. पृष्ठभागावर जागा नसताना पाहुणे येत राहिले तर त्यांना माजघरात नाही, तळघरातच जावं लागतं.

आता नीट बसण्याचा भाग. हाच सगळ्यात रंजक, आणि पुस्तकांत तो जरा गोंधळवून टाकतो. दुधात कुरमुरे टाकले तर थोड्या वेळात ते एकमेकांकडे सरकून पुंजके करतात, हे घरी बघितलं असेल. प्रत्येक दाणा पृष्ठभाग किंचित वाकवतो, आणि त्या वाकलेल्या उतारावरून शेजारचा त्याच्याकडे येतो. बरेच जण सांगतात की मणीही याच कारणाने जवळ येतात. तुमच्या मण्यांसाठी हे खरं नाही. वजनाने पृष्ठभाग वाकवायचा तर वजन हवं, आणि पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा जेमतेम ५ टक्के जड. साधारण १० मायक्रॉनच्या खाली हे आकर्षण उष्णतेच्या धक्क्यांपुढे टिकत नाही. तरंगणारे लहान मणी उलट एकमेकांना दूर ठेवतात. पाण्यात बुडलेल्या भागावरचा विद्युतभार आणि हवेतला कोरडा भाग मिळून प्रत्येक मणी उभ्या द्विध्रुवासारखा (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार) वागतो, आणि सगळे द्विध्रुव एकाच दिशेने उभे असले की ते एकमेकांना ढकलतात. पिएरान्स्की या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये पाण्यावर पॉलिस्टायरीनच्या मण्यांचा जो स्फटिक दाखवला तो याच ढकलण्यातून तयार झालेला होता. मणी एकमेकांना न टेकता, सारखं अंतर ठेवून षटकोनी जाळीत उभे होते.

म्हणून तरंगता थर तुम्हाला अखंड दिसला तरी तो अजून सैल असतो. सुकताना काय होतं ते बघा. काचेवर पाण्याची फिल्म मण्याच्या उंचीपेक्षा पातळ झाली की मण्यांचे माथे बाहेर येतात, दोन मण्यांमधे पाण्याचा वाकलेला पडदा तयार होतो आणि तो त्यांना जोरात जवळ ओढतो. हे ओढणं वजनावर अवलंबून नाही, म्हणून लहान मण्यांनाही लागू. १९९२ मध्ये बल्गेरियाचे डेन्कोव्ह आणि जपानमधले नागायामा यांच्या चमूने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की मांडणी सुरू होते ती याच क्षणी, द्रवाची जाडी मण्याच्या व्यासाएवढी झाली की. आता तुमचा थर आठवा. तरंगताना मणी एकमेकांपासून थोडे दूर होते, सुकताना जवळ ओढले गेले. ती उरलेली जागा कुठेतरी दिसणारच. तोच तुमचा तडा.

उपाय दोन. पहिला, उचलायच्या आधी थर दाबा. ट्रफ हेच करतो, पट्टी सरकवून पृष्ठभाग आवळतो. तुमच्याकडे पट्टी नाही, पण साबण आहे. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या २ टक्के द्रावणाचा ५ मायक्रोलिटरचा थेंब डिशच्या एका कडेला हळूच टेकवा. साबणाचे रेणू तो कोपरा बळकावतात, तिथला पृष्ठताण घसरतो आणि सगळा थर समोरच्या काठाशी जाऊन दाटतो. बघताना मजा येते. आतापर्यंत डागाडागांनी चमकणारा थर एका क्षणात एकसारखा झळकतो, आणि मान कलती केली की हिरवट-निळी छटा एकदमच बदलते. एक थेंब पुरे. हात शिवशिवला तरी दुसरा टाकू नका, जास्त साबणाने मणी ओले होऊन खाली जायला लागतात. पाण्यात अगदी थोडं मीठ, १० मिलीमोलरच्या आत, घातलं तरी ढकलणं कमी होऊन थर दाटतो, पण जास्त झालं तर गुठळ्या.

दुसरा उपाय सुकवण्यात. ज्या काचेवर थर हवा ती पाणी ओतायच्या आधीच तळाशी तिरकी ठेवा, नंतर वरून बुडवाल तर थर फाटेल. पाणी सिरिंजने थराबाहेरून, हळूहळू काढा, म्हणजे थर आपणहून काचेवर उतरतो. काच पाणी धरणारी हवी, थेंब टाकला तर तो लोळायला नको, पसरायला हवा. यासाठी काही ठिकाणी पिरान्हा द्रावण (तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं धोकादायक मिश्रण) वापरतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कृपा करून त्याच्या वाटेला जाऊ नका, काच कोरडीच स्वच्छ करणारं प्लाझ्मा क्लीनर किंवा यूव्ही-ओझोन यंत्र कुणाकडे मिळालं तर उत्तम. मग काच किंचित तिरकी ठेवून, झाकून, सावकाश वाळवा. मी रात्रभर ठेवते.

आता स्वच्छता. माझ्या मते तुमच्या अपयशातला निम्मा वाटा हिचाच असणार. पाण्याच्या पृष्ठभागावर जायला फक्त तुमचे मणी उत्सुक नसतात. तेल, साबण, बोटांचा घाम, प्लॅस्टिकमधून झिरपणारी द्रव्यं, सगळ्यांना तिथेच जायचं असतं, आणि पृष्ठभाग आधी येईल त्याला जागा देतो. एका पावसाळ्यात माझे थर सलग तीन आठवडे फाटत होते. मणी बदलले, पाणी बदललं, इथेनॉलची नवी बाटली उघडली. शेवटी लक्षात आलं की वाकून डिशमध्ये बघताना मी कानामागे केस सारत होते, आणि मग त्याच हाताने चिमटा धरत होते. खोबरेल तेल! तेव्हापासून डोक्याला टोपी, आणि केसांना हात लागला की हातमोजे नवे.

यासाठी माझ्या मावशीचं उदाहरण मी दर वर्षी देते. ती दिवाळीत परातीत पाण्यावरची रांगोळी काढायची. पाणी तासभर निवू द्यायची, पंखा बंद, मुलांना खोलीबाहेर. मग कोळशाची वस्त्रगाळ पूड चाळणीतून अलगद भुरभुरवून काळी जमीन करायची आणि तिच्यावर रंग. आम्हाला परातीला हात लावायची बंदी होती, कारण साबण लागलेलं एक बोट टेकलं की मोराची मान फाटून दोन्हीकडे पळायची. वारा नको, स्निग्धता नको, उंचावरून टाकायचं नाही. माझ्या प्रयोगशाळेची नियमावली याहून फार वेगळी नाही.

आणि ट्रफचा बाऊ करणाऱ्यांना सांगा की ट्रफ मुळात स्वयंपाकघरातून आलाय. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठात जाता आलं नव्हतं. घरची धुणीभांडी करताना त्यांना पाण्याच्या पृष्ठभागाचं कुतूहल वाटलं, आणि त्यांनी पत्र्याची ७० सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ उंच अशी पन्हळ काठोकाठ भरून तिच्यावर आडवी पत्र्याची पट्टी सरकवत पृष्ठताण मोजला. १८९१ मध्ये त्यांनी ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं, रॅलेंनी ते 'नेचर'मध्ये छापवून आणलं. ज्यांच्या नावाने ट्रफ ओळखला जातो त्या लँगम्युअर यांना पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं १९३२ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. मोठ्या क्षेत्रावर, मोजून, पुन्हापुन्हा तेच करायचं असेल तर ट्रफ हवाच. तुमच्या प्रकल्पाला नको.

उपयोगाबद्दल. तुमच्या आकाराच्या मण्यांचा सगळ्यात सरळ उपयोग छिद्रांच्या चाळणीसारखा. तीन मणी टेकले की मधे त्रिकोणी फट उरते. वरून चांदीची वाफ बसवली आणि मग मणी विरघळवून टाकले की काचेवर चांदीचे त्रिकोण राहतात, ५०० नॅनोमीटरच्या मण्यांमधून काचेवर टोकापासून पायापर्यंत सुमारे ११६ नॅनोमीटरचे, केंद्रांमधे २८९ नॅनोमीटर अंतर ठेवून. इतकं बारीक काम एरवी महागड्या इलेक्ट्रॉन-किरणांच्या यंत्राने करावं लागतं. इथे ते मण्यांच्या दाटीने होतं. हे त्रिकोण ज्या रंगाचा प्रकाश शोषतात तो आजूबाजूच्या द्रव्यानुसार सरकतो, म्हणून त्यांचे संवेदक बनतात. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हॅन डाइन यांच्या गटाने १९९५ पासून हा रस्ता चांगलाच रुंद केला. आपल्याकडेही पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने नव्वदच्या दशकात चांदी-सोन्याचे नॅनोकण हवा-पाणी सीमेवर बसवून त्यांचे थर उचलले होते. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणासाठी ते वाचाच.

सपाट पाण्याऐवजी तेलाच्या थेंबाभोवती मणी बसवले तर साबणाशिवाय टिकणारं इमल्शन, म्हणजे तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण, मिळतं. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॅम्सडेन आणि पिकरिंग यांनीच बघितलं होतं. त्या थेंबाभोवतीचे मणी एकमेकांना चिकटवले की छिद्रं असलेली पोकळ कुपी होते. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, हवा असेल तर स्वतंत्र विचारा.

थर चांगला झालाय की नाही हे कसं ओळखायचं, याबद्दल एक सावधगिरी. लेझर पॉइंटर मारून सहा ठिपके दिसतात असं तुम्ही वाचलं असेल. ५०० नॅनोमीटरच्या थरावर हिरवा लेझर सरळ मारला तर काहीही दिसणार नाही, कारण मण्यांच्या ओळींमधलं अंतर ४३३ नॅनोमीटर आणि प्रकाशाची तरंगलांबी ५३२. थर वाया गेला असं समजून तो फेकून देऊ नका. म्हणूनच माझा सल्ला, पहिली बाटली १ मायक्रॉनच्या मण्यांची घ्या. त्यांच्यावर तोच लेझर सुमारे ३८ अंशांवर ठिपके देतो. थर एकाच स्फटिकासारखा असेल तर सहा, लहान लहान तुकड्यांचा असेल तर अख्खं वर्तुळ. शिवाय साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मणी मोजता येतो. हात बसला की ५०० कडे या. मणी घेताना आकारातला फरक ३ ते ५ टक्क्यांच्या आत असलेलेच घ्या. दहा टक्के फरक असलेल्या मण्यांनी षटकोनी मांडणी होत नाही, कितीही साबण घाला.

म्हणजे क्रम असा: आधी हिशोब, मग तिरक्या काचेवरून सावकाश सोडणं, एकदाच दाबणं, सावकाश सुकवणं. पण हे सगळं करण्याआधी एक बिनपैशाची चाचणी करा. तुमच्या डिशमध्ये तुमचं पाणी घाला आणि चिमूटभर टाल्कम पावडर चाळणीतून भुरभुरवा. मग ज्वाळेत तापवून गार केलेली सुई मधोमध टेकवा. पावडर जागची हलली नाही तर सुई स्वच्छ. तिथून मागे पळाली तर सुई नीट तापवा आणि नव्या पाण्यावर परत बघा. सुई पार पडली की तुमचा चिमटा, स्लाइडची कड आणि पिपेटचं टोक एकेक करून तसंच टेकवून बघा, दरवेळी नवं पाणी घेऊन. यातल्या कशाने पावडर पळाली ते कळवा. मग इथेनॉलचं प्रमाण ठरवू.